राउंडची जात कोणती?

आपल्याला इंग्रजी येतं असा गावात ज्याच्याबद्दल संशय आहे, त्याने मे महिन्यात पडवीत बसू नये. चाकरमानी उतरले की पोरं आंब्यांवर तुटून पडतात आणि आईबाप आपल्यावर. "काका, ह्याला जरा इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती सांगा." जरा म्हणजे पन्ह्याचा पेला संपेपर्यंत.

जाती आठ, हे पोराला पाठ असतं. आठच का, हे त्याने विचारू नये अशी प्रार्थना करावी. ग्रीकांच्या आठांत आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. मग रोमन पंडितांनी केवलप्रयोगी अव्ययाला वेगळं पान मांडून आठाची पंगत पुरी केली. आपल्या प्राचीन शब्दपंडित यास्काचं चारांत भागलं होतं: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे बाकीची अव्ययं. पण यास्काला वार्षिक परीक्षा नव्हती.

खरा घोळ पुढे. ‘बैलाने’ वाक्यात कुठेही बांधा, प्रत्ययावरून ओळखू येतो. इंग्रजीचे असले बहुतेक प्रत्यय मध्ययुगातच झडले. त्यामुळे तिथे शब्दाची जात अंगावर दिसत नाही, बसल्या जागेवरून कळते. ‘राउंड’ घ्या. ‘राउंड टेबल’मध्ये विशेषण. वॉचमनचा रात्रीचा राउंड, नाम. ‘टर्न राउंड’, क्रियाविशेषण. जहाजाने भूशिराला वळसा घातला की क्रियापद. ‘राउंड द कॉर्नर’मध्ये शब्दयोगी, आणि आपलं शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतं तर हे पुढे उभं, म्हणून पोर पुन्हा गोंधळतं. तेव्हा सुटा शब्द घेऊन कोणी आलं तर अख्खं वाक्य आणायला परत पाठवावं. तेवढाच वेळ मिळतो.

झटपट उपाय आहेत. आधी ‘द’ लावून बघा. बसला तर नाम. भूतकाळ झाला तर क्रियापद. ‘व्हेरी’ चालला तर विशेषण किंवा क्रियाविशेषण. एवढं शिकवून होतं आणि धड्यात ‘द पूअर’ निघतो. ‘द’ही बसतो, ‘व्हेरी’ही चालतो. इथे आपण विहिरीवर जाऊन यावं.

बाकी इंग्रजी म्हणजे आपली एसटी. नाम, क्रियापद, विशेषण ह्या मागच्या सीटा, कोणीही चढावं. मँगो, कॉयर, टीक हे मलबारचे प्रवासी पोर्तुगीज गलबतातून गेले. गूगल कंपनीचं नाव म्हणून चढलं आणि २००६ साली ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला क्रियापदाचंही तिकीट फाडलं. सर्वनामं आणि अव्ययं मात्र पुढच्या राखीव सीटांवर. तिथलं कोणी सहसा उठत नाही. तरी ‘दे, देम, देअर’ हे त्रिकूट उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांबरोबर आलं आणि थेट पुढे जाऊन बसलं. उलट ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ उतरून गेला, कारण जो तो दुसऱ्याला अहो-जाहो करू लागला. मालवणात असं झालं तर बोलणंच बंद पडेल.

उतरलेल्यांचं नाव मात्र ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशातून काढत नाहीत. शब्द मेला की शेजारी कट्यारीची खूण करतात, नोंद कायम. सातबाऱ्यावर पणजोबा असतात, तसंच.

वेबस्टर कोशाची तर कमालच. १९३१ साली तिथे एक चिठ्ठी आली: ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा किंवा छोटा डी, हे घनतेचं संक्षिप्त रूप. अक्षरं सुटी टाइप केलेली. कोणीतरी ती जोडून वाचली आणि १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला, अर्थ घनता. १९३९ मध्ये एका संपादकाला दिसलं की ह्याला व्युत्पत्तीच नाही. तरी छापील पानावरून तो जायला १९४७ उजाडलं. जन्मच न झालेला शब्द तेरा वर्षं कोशात नांदला. जातीची नोंद मात्र चोख: नाम.