मुक्काम पोस्ट बफेलो, महिना तेरावा

अकोल्यात वाढलेल्या माणसाला हवामानाचा अंदाज वगैरे फार लागत नाही, तिथे एकच प्रश्न असतो, यंदा ४५ की ४६. त्यामुळे नोकरीसाठी अमेरिकेतल्या बफेलोला यायचं ठरलं तेव्हा "लेकच्या काठावर राहणार बरं का" असं मी गावभर सांगत फिरलो. डोळ्यासमोर लोणार होतं ना. लोणारला सकाळी खाली उतरून हिंडून परत वर आलं की नाश्त्याला वेळेत. इथलं लेक ईरी ३८८ किलोमीटर लांब आहे, म्हणजे अकोल्याला रेल्वेत बसून नाशिक रोडला उतरावं साधारण तेवढं, आणि आमचं घर बरोब्बर त्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे वारा सगळं सामान आणून उतरवतो.

सामान म्हणजे बर्फ. पश्चिमेकडून कोरडी गार हवा निघते, लेकचं पाणी तिच्या मानानं कोमट, मग ती वरून जाता जाता फुकटात मिळेल तेवढी वाफ भरून घेते आणि काठ लागला की आमच्या अंगणात ओतते. याला लेक इफेक्ट म्हणतात. त्यात पुन्हा हा बर्फ पट्ट्यापट्ट्यानं पडतो. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेला पाच फुटांच्या वर आणि उत्तरेला काही इंच, म्हणजे एक मावसभाऊ खिडकीतून बाहेर पडतोय आणि दुसरा त्याला फोन करून विचारतोय की एवढं काय त्यात.

पण माझी तक्रार त्या बर्फाबद्दल नाहीये. डिसेंबरात बर्फ छान दिसतो, आपण फोटो काढून स्टेटसला टाकतो, जानेवारीत अंगवळणी पडतो. खरा छळ फेब्रुवारी अर्धा झाला की सुरू होतो, कारण तेव्हा माणूस "आता कधी संपणार" हे विचारायला लागतो. कॅलेंडरात २८ दिवसांचा असला तरी आमच्याकडे हा दुष्काळातला तेरावा महिना आहे.

तर मी अंदाज बघतो. सरकारी नकाशा येतो, पुढच्या तीन महिन्यांचा, त्यात सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता जास्त तिथे केशरी, थंड राहण्याची जास्त तिथे निळा. आणि जिथे कशाचंच पारडं जड नाही तो भाग पांढरा, त्याचं नाव इक्वल चान्सेस. म्हणजे जास्त थंडी पडू शकते, कमी पडू शकते किंवा नेहमीइतकी पडू शकते. हे तर अंदाजपंचे दाहोदरसे मी पण सांगितलं असतं, तेही विनापगारी. माझ्या नशिबाला नेहमी पांढराच भाग येतो, बहुतेक बर्फ पडलाय म्हणून रंगवायचा राहत असेल.

मग मी शेजारच्या आजोबांकडे जातो. त्यांचा नकाशावर विश्वास नाही, ते गाडी काढून लेक बघून येतात. त्यांचं शास्त्र असं की ईरी इथल्या पाचही मोठ्या लेकांत सगळ्यात उथळ, म्हणून लवकर गोठतं, आणि एकदा वर बर्फाचं झाकण बसलं की वाफ बंद, लेक इफेक्ट बंद. मी म्हटलं वा, म्हणजे गोठलेलं बरं. तर म्हणे छे, गोठलं की ते सगळं वितळेपर्यंत काठावर गारठा, एप्रिल पण हातचा जातो. मग न गोठलेलं बरं? तर म्हणे मग मार्चमध्ये पण बर्फ ओतायला ते मोकळंच की. थोडक्यात गोठलं तरी मरण आणि नाही गोठलं तरी मरण. शिवाय १९७७ चा किस्सा ते न चुकता सांगतात, तेव्हा लेक डिसेंबरातच गोठलेलं, लोक निर्धास्त, आणि २८ जानेवारीला वाऱ्यानं त्या गोठलेल्या लेकवर साचलेला भुसभुशीत बर्फच उचलून शहरावर आणून टाकला. मी परत येतो तेव्हा माझ्याकडे अंदाज नसतो, नुसती धडकी असते.

या सगळ्याला जबाबदार कोण, तर आजोबांच्या मते ती साखळी. लेकमधून नायगारा नदी निघते त्या तोंडाशी १९६४ पासून दर हिवाळ्यात तरंगत्या अडसरांची एक लांबलचक साखळी टाकतात, लेकवरचा बर्फ नदीत घुसून खालच्या वीजकेंद्रांचं पाणी अडवू नये म्हणून. तिच्यामुळेच आमचा वसंत उशिरा येतो असं इथल्या बऱ्याच जुन्या लोकांचं ठाम मत आहे. अभ्यास करणाऱ्यांनी तसं काही नाही म्हणून सांगून झालंय, पण पानाच्या टपरीवर अभ्यास चालतो का कधी?

उरला तो प्राणी. २ फेब्रुवारीला पलीकडच्या पेनसिल्व्हेनियात उंच टोप्या घातलेले गृहस्थ बिळातून फिल नावाचा एक गुबगुबीत ग्राउंडहॉग, म्हणजे मोठ्या खारीसारखा प्राणी, काढतात, त्याला स्वतःची सावली दिसली तर अजून सहा आठवडे थंडी. १८८७ पासून चालू आहे हे. सगळे भारतीय सहकारी याला हसतात, मी नाही हसत. माझ्या लहानपणी दारात नंदीबैल यायचा, पाऊस पडेल का विचारलं की मान हलवायचा. आणि आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, धान्य, ढेकळं, घागर, तिच्यावर पापड-कुरडया, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघून पाऊस, पीक आणि राजाची गादीसुद्धा सांगतात. निदान तिथे कोणी इक्वल चान्सेस म्हणत नाही! बाकी या फिलनं सहा आठवडे सांगितले की मी तर हिशोब करून खूशच होतो, सहाच? म्हणजे मार्चच्या मध्याला मोकळे?

आता मूळ गोष्ट. मागच्या मार्चमध्ये सलग तीन दिवस ५५ फॅरनहाइट झालं, म्हणजे आपल्याकडे कान टोपीत घालून फिरतात तेवढं, पण इथे लोक हाफ पँट घालून रस्त्यावर. त्यात आईचा फोन, "अरे, परवा होळी आहे, होळी जळाली थंडी पळाली, आता काय टेन्शन नाही तुले." नकाशा, आजोबा, साखळी, फिल सगळं बाजूला ठेवून मी आईचा अंदाज फायनल धरला. दारातलं बर्फाचं फावडं धुतलं, पुसलं आणि मागच्या अंगणातल्या गॅरेजमध्ये नेऊन सुटकेसांच्या मागे ठेवलं. बायको म्हणाली, "राहू दे ना दारात, ते काय खायला मागतंय?" मी म्हटलं घर कसं मोकळं दिसतंय बघ.

होळीच्या दिवशी सकाळी उठलो तर मागच्या पायऱ्याच नाहीत. दोन फूट बर्फ. आणि रस्त्यावरून बर्फ लोटणारा प्लाऊ जाऊन आलेला, त्यानं ड्राइव्हवेच्या तोंडाशी मीठमिश्रित करड्या बर्फाची भिंत बांधून दिलेली, दगडासारखी. फावडं गॅरेजमध्ये, गॅरेजपर्यंत दोन फूट बर्फ, म्हणजे फावड्यापर्यंत जायला फावडं पाहिजे. झाडूनं काही होईना. सुपली प्लास्टिकची, तिचा कान तुटला. शेवटी ओट्यावर पुरणाच्या कणकेसाठी काढून ठेवलेली परात दिसली, चांगली जाड स्टीलची, दोन्ही हातांत मस्त बसणारी, आणि खरं सांगतो, इतका बर्फ एका खेपेत फावड्यानं पण निघत नाही.

अर्ध्या वाटेत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला, बायकोनं उचलला आणि कॅमेरा खिडकीतून माझ्याकडे फिरवला.

"अगं बाप्पा," आई म्हणाली, "त्याच्या हातात काय आहे ते?"

"परात आहे आई," बायको म्हणाली. "माझ्या रुखवतातली. विचारा ना तुमच्या मुलाला, थंडी पळाली का म्हणून."