पालकसभा सकाळी अकराला, आणि शिवारात रोप लावणी

आज शाळेतून आल्यापासून डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलोय. लांब होईल. सवड असेल त्यांनी वाचा.

पालकसभा होती. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एका शाळेपुरतं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, आपल्या भागातल्या कुणीही आपल्या गावचं नाव घालून वाचावं. काल रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप पडला की उद्या सकाळी 11 वाजता पालकसभा आहे, हजर राहणे सक्तीचे. जुलै महिना. पाऊस लागून राहिलाय, चिखल झालाय, रोप काढून पडलंय, आणि लावणीला बायका मिळता मिळत नाहीत. अशा दिवशी अकरा वाजता!

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, कामाला आहे. अर्धी सुट्टी टाकली आणि गेलो, मला ते जमलं. शेजारच्या वहिनींना जमण्यासारखं नव्हतं, तरी त्या आल्या. पाऊण तास उशिरा आल्या, दुसऱ्याच्या शेतातली लावणी अर्ध्यावर टाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. दारात उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं गेलं, "तुम्हाला पोराची काळजीच नाही, मग मार्क असेच पडणार." मग मार्क वाचून दाखवले, मोठ्यांदा. पोरगा पाचवीतला, तिथंच पुढच्या बाकावर बसलेला.

वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. परत येताना वाटेत मला विचारलं, "भावजी, ते एफए म्हणजे काय असतंय हो? त्यात कमी पडलाय म्हणाले."

पाच वर्षं पोरगं या शाळेत आहे. वर्षाला चार एफए, म्हणजे मधल्या छोट्या चाचण्या, आणि दोन एसए, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षा, होतात. या बाईला ते काय असतं हे पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि आज मात्र सगळ्यांसमोर तिला जाब विचारला. राग येतो तो याचा.

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. माझी आई अंगठा लावणारी. शाळेच्या पायऱ्या ती कधी चढली नाही. आमच्या बाई होत्या, गावातच भाड्यानं राहायच्या. असाच लावणीचा दिवस होता. शाळा सुटल्यावर बाई छत्री घेऊन थेट आमच्या बांधावर आल्या. आई वाकून रोप लावत होती, ती घाबरलीच. बाई म्हणाल्या, "अक्का, काम थांबवू नका, मी इथंच उभी राहते. पोरगं वाचतंय चांगलं. हातच्याची वजाबाकी तेवढी येईना. त्याला मारू नका. बाजारादिवशी भाजी विकायला जाता ना, सुट्टे पैसे त्याच्याकडे देत जा."

एवढंच. दहा मिनिटं उभ्या असतील बांधावर. त्या बाजारापासून आई मला शेजारी बसवून मोड माझ्या हातात द्यायला लागली. वजाबाकी मी वांग्याच्या टोपलीशेजारी बसून शिकलो. आईला वजाबाकी हा शब्दही ठाऊक नव्हता, पण पोराला काय येत नाही आणि आपण काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजच्या सभेतून किती आईबाप हे घेऊन बाहेर पडले, तुम्हीच सांगा.

आता शाळेचे ग्रुप झालेत. झालेत तर चांगलंच झालं. पण त्यात येतं काय? अंडी वाटतानाचे फोटो, दूध पितानाचे फोटो, प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धांचे फोटो, आधार कार्ड जोडा, बँक खातं जोडा, जातीचा दाखला आणा. आणि ग्रुप असा केलेला की फक्त अॅडमिनच लिहू शकतो. पालकानं विचारायचं तर कुठं विचारायचं? पाटाचं पाणी तसा निरोप वरून खाली वाहतोय, खालून वर जायला वाट ठेवलेलीच नाही. शाळेला हाच पालकांशी संपर्क वाटतो.

बरं, तो फोन कुणाकडे आहे? दाखल्यावर नंबर बापाचा असतो. आमच्या पश्चिम भागातले आणि खानापूर तालुक्यातले किती बाप गोव्याला कामावर आहेत. वहिनींचा नवरा पण तिकडेच आहे, बांधकामावर. म्हणजे शाळेचा निरोप आधी गोव्याला जातो, तिथं माणूस दमून झोपलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी फोन करतो. तोवर अकरा वाजलेले असतात. अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की हेच. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्री निघतो, निरोप भलतीकडे जातो, आणि पोरं पावसात भिजत कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभी. जांबोटी, कणकुंबीकडच्या पोरांना किती चालावं लागतं ते मी सांगायला नको. पोराला रोज शाळेत कोण पाठवतं, संध्याकाळी घरी कोण असतं, हे विचारून आईचा, आजीचा किंवा शेजाऱ्याचा नंबर घ्यायला काय लागतं?

भाषेचं बोललंच पाहिजे. शाळा मराठी, पोरं मराठी, घरं मराठी, आणि वरून आलेलं कन्नड परिपत्रक जसंच्या तसं ग्रुपवर ढकललेलं. माझं कन्नडशी भांडण नाही. माझी पोरगी कन्नड छान वाचते, मला अभिमान आहे. पण आजीला ती भाषा येत नाही, आणि निरोप आजीसाठी आहे. ज्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात कधीच ठरलंय. आपण त्यासाठी मोर्चे काढून थकलो. निदान मराठी शाळेनं मराठी पालकाला खाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात, त्याला कुठल्या आदेशाची वाट बघायची?

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, मान्य. एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, जागा रिकाम्या, अतिथी शिक्षकांवर गाडा चाललेला, निवडणुकीची कामं वेगळी.

पण त्याच शिक्षकांची एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी, 2025 च्या दसऱ्यात, सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षणासाठी सरकारनं शिक्षकांना घरोघर पाठवलं. दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबवली. आमच्या घरी एक गुरुजी आले, सोप्यावर बसले, फोन काढला आणि 60 प्रश्नांची ती यादी सुरू केली. जात कुठली, पोटजात कुठली, जमीन किती, गुरं किती, घर कसलं. रेंज जात होती, अॅप अडकत होतं, बिचारे घामाघूम झाले होते. चहा झाला. माझी पोरगी शेजारी उभी होती. ती काय शिकते, तिला काय अडतं, घरी अभ्यासाला कुठं बसते, हे त्या 60 प्रश्नांत नव्हतं. ते गुरुजी तिला शिकवतही नव्हते, त्यांचा दोष नाही. मला एवढंच म्हणायचंय की मास्तर दारोदार जाऊ शकत नाहीत हे आता मला सांगू नका. सरकारला पाहिजे असलं की जातात. राज्यभर जातात. मग वर्षातून एकदा, निदान सत्राच्या सुरुवातीला, आपल्या वर्गातल्या पोरांच्या घरी जायला सवड द्या की त्यांना! तेवढे दिवस दुसरं काम लावू नका.

बाई बांधावर आल्या तेव्हा त्यांनी नुसतं सांगितलं नव्हतं, विचारलंही होतं. "घरी अभ्यासाला कधी बसतो हा?" आईनं सांगितलं की दिवेलागणीला माझ्याबरोबर म्हशीकडे असतो, मग जेवतो आणि ताटावरच पेंगतो. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून मला शेवटच्या तासाला गृहपाठ शाळेतच करून घ्यायला लावलं. माझ्या घरात काय चालतं हे आईशिवाय बाईंना कोण सांगणार होतं? आज वहिनींना कुणी विचारलं असतं तर कळलं असतं की ते पोरगं संध्याकाळी धाकट्या बहिणीला सांभाळतं, कारण आई अंधार पडेपर्यंत शेतात असते. मार्क का कमी पडले ते त्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला ठाऊक होतं. तिला तोंड उघडू दिलं नाही.

कायद्यात काही कमी आहे असं नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शाळेच्या समितीत तीन-चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत. कर्नाटकात तर एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती, 2001 पासून आहे, कायद्याच्या कितीतरी आधी. पालकांना बोलावून पोरांची प्रगती त्यांच्यासमोर मांडायचा 'समुदायदत्त शाळे' हा कार्यक्रमही सरकारनंच काढलेला. पण आपल्याकडे काय होतं? समितीत बायकांची नावं घालायची, आणि बैठकीला त्यांचे नवरे बसायचे. वहीवर सही घ्यायला वही घरी पाठवायची. गावातले पुढारी अध्यक्षपदासाठी भांडणार, आणि निवड झाली की पुढच्या निवडीपर्यंत शाळेकडे फिरकणार नाहीत. हे लिहिताना मला आपल्याच माणसांचा राग येतोय. शाळेचा जेवढा येतो त्याहून कमी नाही.

आणि हो, रविवारी सभा ठेवली तरी न येणारे पालक आहेत. आहेत. पण जे येऊ शकतात त्यांची तरी सोय बघा.

आपल्या मराठी शाळांचा पट कमी होतोय म्हणून आपण सगळे हळहळतो. नली-कलीचंच बघा, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली खेळत शिकायची पद्धत. पहिली ते तिसरीची पोरं जमिनीवर गोल करून बसतात, कार्डं घेतात, कुठवर आलो ते दाखवणाऱ्या तक्त्यावरच्या शिडीनं एकेक पायरी पुढं जातात. पद्धत चांगली आहे, माझ्या डोळ्यांसमोर पोरगी वाचायला शिकली. पण गावात काय बोलतात? "नुसतं खेळवतात, पुस्तक नाही की पाटी नाही." आणि पुढच्या जूनला पोरगं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेला. दहा आयांना एकदा वर्गात बसवून ती शिडी दाखवली असती तर त्यातल्या काही तरी थांबल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. त्या बाया रताळी लावताना कुठल्या वाफ्यात काय कमी पडलं ते अचूक सांगतात. त्यांना शिडी कळणार नाही?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आज बोललेल्या शिक्षिकेबद्दल वाईट लिहायचं नव्हतं मला. सभा संपल्यावर त्या एकट्याच फळ्याजवळ उभ्या राहून फोनवर कसली तरी माहिती भरत होत्या, डबाही उघडलेला नव्हता. त्यांनाही वरून कुणीतरी असंच ऐकवत असणार. पण वरचं बोलणं खाली त्या वहिनींवर यावं, हे मी मान्य करणार नाही.

तर आता ठरवलंय ते सांगतो. आमच्या गावात वार पाळतात. त्या दिवशी शिवारात कुणी उतरत नाही, अवजाराला हात लावत नाही. गावोगावी वार वेगळा, पण असतोच, आणि तो शाळेला ठाऊक असतो. पालकसभा त्या दिवशी ठेवा, नाहीतर संध्याकाळी साडेसहानंतर. आठवडाभर आधी सांगा, आणि पोराच्या वहीत मराठीत चिठ्ठी लिहून पाठवा, म्हणजे फोन गोव्यात असला तरी चालेल. मार्क ज्याचे त्याच्या पालकाला बाजूला घेऊन सांगा. घरी करता येईल अशी एक तरी गोष्ट सांगा आणि घरचं एक तरी विचारा. ग्रुपवर आठवड्यातून एक दिवस पालकांना लिहू द्या.

हे सगळं मुख्याध्यापकांना अर्जात लिहून देणार आहोत. खालच्या गल्लीतले दोघं-तिघं तयार आहेत. वहिनींना आज संध्याकाळी विचारलं. म्हणाल्या, "येते, पण तुम्हीच बोला." मी म्हटलं, तुमच्या पोराचं तुम्हीच सांगायचं, मी शेजारी उभा राहतो. अर्ज मराठीत असेल, सोबत कन्नड प्रतही जोडतोय, म्हणजे पुढं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पाठवताना भाषेचं कारण नको. कन्नड प्रत माझी पोरगीच लिहून देणार आहे. गावातल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी येत्या वाराला सकाळी नऊ वाजता देवळात या, घरातल्या बायकांना घेऊन या. आणि दुसऱ्या गावच्या मित्रांनो, तुमच्याकडे सभा कधी असते, कोण जातं, काय बोलणं होतं, ते खाली लिहा. कुठल्या शाळेनं हे नीट जमवलं असेल तर आधी ते लिहा, अर्जात तसं दाखवता येईल.