बरोबरचे चिन्ह आणि वरपक्ष

समाकलनाची माझी सरावपुस्तिका परवा छापून आली आणि पहिल्याच पानावर बरोबरची सगळी चिन्हे दाही दिशांना पांगलेली पाहून माझे डोके फिरले. पुस्तिका मी लाटेकमध्ये, म्हणजे गणिताचा मजकूर जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत, जुळवली होती आणि एकाखाली एक येणाऱ्या पायऱ्यांतली चिन्हे ओळंब्यात राहावीत म्हणून प्रत्येक चिन्हाआधी खुणेचे अक्षर टाकले होते. नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात पीडीएफ देताना, ‘यात काहीही हलवायचे नाही, फक्त छापायचे’ असे मी बजावून सांगितले होते. ऑपरेटरने क्लासचे नाव मोठे करण्यासाठी ती कोरल या पत्रिका-जाहिराती सजवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि जाता जाता मजकूर ‘टाइट’ केला.

“सर, मध्ये मध्ये फार गॅप होता. तो काढला. पानं वाचली तुमची,” तो म्हणाला. आवाजात उपकाराची भावना स्पष्ट होती.

तो गॅप म्हणजे काय हे मी त्याला समजावू लागलो. गणिताच्या जुळणीत एका ‘एम’चे, म्हणजे साधारण टाइपाच्या आकाराएवढ्या रुंदीचे, १८ भाग करतात. अधिक-वजाच्या दोन्ही बाजूंना त्यातले ४ भाग मोकळे सोडतात, बरोबरच्या दोन्ही बाजूंना ५, आणि समाकलनाच्या शेवटी येणाऱ्या ‘डीएक्स’च्या आधी ३. ‘क्ष − ५’ मधल्या वजाला दोन्हीकडे जागा मिळते, पण नुसत्या ‘−५’ मधला वजा आकड्याला चिकटूनच बसतो, कारण तिथे वजाबाकी नसून संख्याच ऋण असते. गॅप काढला की दोन्ही वजा सारखेच दिसू लागतात. त्यातून या गृहस्थाने ‘लॉग’ची सरळ अक्षरेही तिरकी केली होती, गणितात तिरके अक्षर म्हणजे चल राशी, त्यामुळे माझ्या पुस्तिकेत लॉगरिदम उरला नव्हता, एल, ओ आणि जी यांचा गुणाकार तेवढा उरला होता.

“सर, रागावू नका,” बाकावरून आवाज आला, “पण चूक मुळात तुमच्याकडची आहे.”

पंचवटीतले एक काका मुलीच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ पाहायला येऊन बसले होते. त्यांनी माझे पान हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि निदान सांगितले. “सगळ्या ओळी मध्यभागी घ्या. विषय संपला.”

“काका, प्रत्येक ओळीची लांबी वेगळी असते. ओळ मध्यभागी घेतली की चिन्ह सरकते.”

“पत्रिकेत सरकतं का?” त्यांनी प्रूफ माझ्यापुढे पसरले. “गणपती कुठे आहे? मध्यभागी. डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष, आणि मध्ये ‘आणि’. तुमच्याकडेही डावी बाजू, उजवी बाजू असंच असतं ना?”

“असते. पण वरपक्षाचे नाव लांबले तर तुमचा ‘आणि’ डावीकडे सरकेल.”

“मग आमच्या बाजूला दोन मामा वाढवायचे. दोन्हीकडे वजन सारखं.”

समीकरणाच्या दोन्ही बाजूंत सारखीच भर घालावी लागते हे मी वर्गात घसा फोडून सांगतो आणि मुले ते विसरतात. इथे वरपक्षात भर पडली म्हणून वधूपक्षात मामा घालणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तेवढ्यात ऑपरेटरने माझे अख्खे पान सिलेक्ट करून मध्यभागी घेतले. “बघा, शोभा आली की नाही?” काका म्हणाले. कोणती पायरी कुठून निघाली हे त्या शोभेत कुणालाही कळले नसते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे १९७७ साली अशीच विद्रूप होऊन आली, तेव्हा त्यांनी छापखान्याशी वाद घालण्याऐवजी जुळणीची नवी प्रणालीच लिहायला घेतली. लवकर उरकेल असे वाटलेल्या त्या कामात सुमारे दहा वर्षे गेली आणि त्यातून ‘टेक’ जन्माला आली. लाटेक उभी आहे ती तिच्याच पायावर. कनुथ यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण प्रुफे पाहताना त्यांच्या शेजारी हे काका बसलेले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. आमच्या याच शहरात नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथे रेघ केसभर हललेली चालत नाही. अशोकस्तंभाला मात्र समाकलनाचे चिन्ह वरच्या ओळीत घुसले तरी ‘सर, वाचता येतंय ना?’ असे विचारले जाते.

खरी चीड मला पुढच्या प्रकाराची आली. काकांनी आपल्या प्रुफातल्या ‘चि.सौ.कां.’ वर बोट ठेवले. “हे चिकटलंय. लेकीचं नाव आहे, गर्दी नको.” ऑपरेटरने मुकाट्याने ‘चि.’ आणि ‘सौ.’ यांच्यात जागा सोडली. “थोडी जास्त झाली.” त्याने कमी केली. “आता ‘कां.’ लांब गेलं.” त्याने तेही जवळ ओढले. एका टिंबामागच्या केसभर जागेसाठी दोघे पडद्याला नाक लावून बसले होते. माझ्या मुलांचे, पायऱ्या एकाखाली एक नीट न मांडल्याबद्दल गुण कापले जातात, आणि त्यांना शिकायला जे पान मिळणार त्यावर ती शिस्त कुणालाही परवडत नाही.

“माझंही असंच जागेचं होतं,” मी ऑपरेटरला म्हणालो.

“सर, ती पत्रिका आहे,” तो म्हणाला. “लोक वाचतात.”

मूळ पीडीएफ हात न लावता पुन्हा छापून द्यायचे त्याने अखेर कबूल केले. पावतीत छपाईच्या खाली ‘सेटिंग चार्ज – जादा’ अशी वेगळी ओळ होती. काहीही हलवायचे नसताना सेटिंग कसले, असे मी विचारले, तर तो म्हणाला की न हलवण्याचेच पैसे आहेत, कारण त्यात लक्ष फार द्यावे लागते.