एकतीस वेळा 'समजलं का?'

३५ मिनिटांच्या तासात मी ३१ वेळा "समजलं का?" असं विचारलं. मोजलं मी नाही. शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेल्या मैत्रिणीने मोजलं. चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावरून एक तिरकी, अशा सहा जुड्या आणि वर एक सुटी रेघ. पाठ छान झाला असं मला वाटत होतं. मुलं शांत होती, फलक लेखन सुबक झालं होतं, टाचणातलं, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातलं, सगळं घंटेआधी संपलं होतं. तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "एकतीस वेळा विचारलंस. 'नाही समजलं' असं किती जणांनी सांगितलं?"

एकानेही नाही.

सराव पाठांतला तो माझा सातवा पाठ. मी आठ वर्षं नोकरी करून, ती सोडून शिक्षक व्हायच्या प्रशिक्षणाला आलेली. वर्गातल्या बाकीच्या छात्राध्यापकांपेक्षा वयाने मोठी, त्यामुळे 'मला येतंच' हा माज थोडा जास्त. हल्ली नातेवाइकांपासून जुन्या ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळे एकच विचारतात: तिथे नेमकं शिकवतात तरी काय? शिकवणं ही काय शिकायची गोष्ट आहे का, शिक्षक जन्मावा लागतो! दरवेळी हसून विषय बदलते, आज सविस्तर लिहिते.

'शिक्षक जन्मावा लागतो' हे मीही मानत होते. माझ्या बोलण्याची लोक तारीफ करायचे, अवघड गोष्ट सोपी करून सांगते म्हणायचे. शिवाय शाळा सगळ्यांनी आतून पाहिलेली असते. डॅन लॉर्टी या अभ्यासकाने १९७५ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे अंदाजे १३,००० तास शिक्षकांच्या समोर गेलेले असतात. इतके तास पाहिलेलं काम आपल्याला येतं असं वाटणारच. पण आपण ते बाकावरून पाहिलेलं असतं. शिक्षक बोलताना दिसतो, फळ्यावर लिहिताना दिसतो, चिडताना तर दिसतोच. तो हाच प्रश्न आधी का विचारतो, एखाद्याला मुद्दाम का टाळतो, उदाहरण मध्येच का बदलतो, हे बाकावरून कळत नाही. म्हणजे आमच्यापैकी प्रत्येक जण आपल्या आवडत्या बाईंची किंवा सरांची नक्कल पोटात घेऊनच पहिल्या पाठाला उभा राहतो. मी ज्या सरांची नक्कल करत होते, ते 'समजलं का?' फार वेळा म्हणायचे. हे माझ्या लक्षात आलं ते त्या ३१ रेघा पाहिल्यावर.

सूक्ष्म अध्यापनाची सगळे टिंगल करतात. मीही केली. मोठाली माणसं बाकावर मुलं होऊन बसतात, एक जण सहा मिनिटं शिकवतो, पुढची सहा मिनिटं त्याच्या चुका काढल्या जातात, बारा मिनिटांत त्याने पाठ पुन्हा बांधायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. ३६ मिनिटांचं हे चक्र आणि त्यात एकच कौशल्य: फक्त प्रश्न विचारणं, किंवा फक्त उदाहरण देणं, किंवा फक्त फळ्यावर लिहिणं. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली तेव्हा समोर थोडेच का होईना, पण खरे विद्यार्थी असत. आमच्यासमोर खोटे विद्यार्थी, त्यामुळे नाटक वाटतं हे खरंच आहे.

तरी मी या नाटकाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण ती मधली बारा मिनिटं. एखादी गोष्ट वाईट केली, लोकांनी तोंडावर सांगितलं, आणि लगेच तीच पुन्हा करायची संधी मिळाली, असं मोठेपणी किती वेळा घडतं? नोकरीत वर्षातून एकदा मूल्यमापन व्हायचं. तेव्हा चूक इतकी शिळी झालेली असायची की मला फक्त राग यायचा. इथे रागवायलाही वेळ नसतो. पहिल्यांदा मी त्या बारा मिनिटांपैकी चार स्वतःची बाजू मांडण्यात घालवली. सहाव्या-सातव्या चक्रापर्यंत ती सवय गेली. निदान कमी झाली म्हणू या.

बरं, त्या ३१ वर परत येते, कारण खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

वर्गातलं बोलणं मोजायची नेड फ्लँडर्स या अभ्यासकाची एक पद्धत आम्हाला शिकवतात. दर ३ सेकंदांनी निरीक्षकाने एक आकडा लिहायचा, आत्ता वर्गात काय चाललंय त्याचा. एकूण १० प्रकार. त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ'. परीक्षेसाठी हे पाठ केलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. मैत्रिणीने माझ्या पाठाचा तक्ता भरून दिला, तेव्हा त्या दहाव्या खान्याकडे बघत बसले. शांतता आणि गोंधळ एकाच खान्यात! मोजणाऱ्याच्या सोयीसाठी असेल, पण माझ्या डोक्यातही अगदी तेच होतं. वर्ग गप्प झाला की काहीतरी बिघडलंय, आता मी बोललं पाहिजे. माझ्या तक्त्यात तो खाना जवळजवळ रिकामा होता. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते, मधे जागाच ठेवत नव्हते.

मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७४ मध्ये मांडलेलं काम त्यानंतर वाचलं. विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांनी पाहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण १ सेकंद थांबतात. मग प्रश्न फिरवतात, दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर सांगून मोकळे होतात. हाच वेळ ३ सेकंद किंवा त्याहून जास्त केला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. एक गोष्ट मला फार लागली. ज्यांना शिक्षक हुशार समजतात त्यांच्यासाठी ते जास्त थांबतात, ज्यांना कच्चं समजतात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे विचार करायला ज्याला जास्त वेळ हवा, त्याच्याच वाट्याला कमी येतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. 'बिचाऱ्याची फजिती नको' या दयेपोटीच आपण पुढे जातो. मीही जात होते.

३ सेकंद म्हणजे काय ते एकदा वर्गासमोर उभं राहून अनुभवा. पहिल्या सेकंदाला घसा कोरडा पडतो, दुसऱ्याला आपण प्रश्नच चुकीचा विचारलाय अशी खात्री पटते, तिसऱ्याला हातातला खडू फिरवायची इच्छा होते. मी पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजायला लागले.

रो यांनी दोन ठिकाणी थांबायला सांगितलंय, हे लोक विसरतात. एक प्रश्नानंतर आणि दुसरं मुलाच्या उत्तरानंतर. दुसरं फार अवघड, कारण बरोबर उत्तर आलं की 'शाब्बास' आपोआपच तोंडातून निघतं. दशांश अपूर्णांकांचा पाठ होता. ०.४५ मोठे की ०.५? निम्मा वर्ग म्हणाला ०.४५, कारण ४५ मोठे आणि ५ लहान. ही चूक मला अपेक्षित होती, टाचणातही लिहिली होती. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने सांगितलं, "०.५ मोठे." बरोबर. 'शाब्बास' जिभेवर आलं होतं, ते गिळलं आणि बोटं मोजली. तिला वाटलं मला अजून काहीतरी हवंय. ती म्हणाली, "कारण पॉइंटच्या पुढे आकडे जास्त असले की संख्या लहान होते."

मी विचारलं, "मग ०.४५ आणि ०.३ मध्ये?"

"०.३ मोठे."

तिचं डोकं नीटच चाललं होतं. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, हे तिला पक्कं माहीत होतं. फक्त तुकडे किती आहेत हे ती विसरत होती. बरोबर उत्तरामागे चुकीचं कारण लपलं होतं, आणि दोन सेकंद आधी मी शाब्बास म्हटलं असतं तर ते तिच्यासोबत पुढच्या इयत्तेत गेलं असतं. तिच्या वहीत मात्र बरोबरची खूण राहिली असती. माझ्या आजवरच्या पाठांत अशा किती खुणा केल्या असतील, याचा हिशोब लावायचा मी सोडून दिलाय.

वैयक्तिक विकास वगैरे शब्द मला आवडत नाहीत, पण माझ्यात काय बदललं असं कुणी विचारलंच तर ते हे. जुन्या नोकरीत माझी ओळख 'पटकन' अशी होती. पटकन समजतं, पटकन बोलते, पटकन सोडवते. त्या ओळखीवर माझा जीव होता. वर्गात तीच आडवी आली. मी पटकन उत्तर दिलं की तीस जणांचा विचार थांबतो. मुलांसमोर सगळ्यात हुशार दिसण्यात काहीही कमाई नाही, हे डोक्याला लवकर पटलं. अंगवळणी पडायला वर्ष गेलं, आणि अजूनही एखाद्या तासाला, विशेषतः मागे कुणी निरीक्षक बसलेला असला की, ती जुनी मी उसळून येतेच.

ही सवय घरीही आली. बाबा बोलताना वाक्य मध्येच सोडतात, शब्द शोधत राहतात. वर्षानुवर्षं त्यांची वाक्यं मी पूर्ण केली, आणि मदत करतेय असं समजले. एकदा मुद्दाम गप्प राहिले. मला वाटलं होतं ते माझ्या जुन्या नोकरीबद्दल काहीतरी म्हणणार. ते म्हणाले, "मला पण एकदा... सोडायची होती." त्यांच्या तरुणपणीची ती गोष्ट मला माहीतच नव्हती.

आता थोडी तक्रार, कारण हे सगळं प्रशिक्षणामुळे झालं असं म्हणताना अर्धं प्रशिक्षण निव्वळ कागद आहे हेही सांगायला हवं. टाचणाच्या समासाला कोणत्या रंगाची रेघ मारायची यावर जितकी चर्चा होते, तितकी मुलं काय चुकली यावर होत नाही. 'विद्यार्थी पुढील बाबी सांगतील' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. प्रत्यक्षात विद्यार्थी भलतंच काहीतरी सांगतात आणि त्यासाठी टाचणात रकानाच नसतो. काही मार्गदर्शक दहा मिनिटं मागे बसून 'आवाज चांगला, फलक लेखनात सुधारणा हवी' असं लिहून सही करतात. पाठ कुठलाही असो, शेरा तोच. ज्या ३१ रेघांनी मला शिकवलं, त्या माझ्यासोबत शिकणाऱ्या त्या मैत्रिणीने मारल्या होत्या, आणि त्यासाठी तिला एकही गुण नव्हता. माझ्या हातात असतं तर निम्मी टाचणं रद्द करून तो वेळ एकमेकींच्या तासाला बसायला दिला असता.

आणि विषयाचं ज्ञान. गणिताची पदवी असल्यामुळे इथे तरी मी निर्धास्त होते. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये लिहिलं की विषय येणं वेगळं आणि तो शिकवण्यासाठी लागणारं त्याच विषयाचं ज्ञान वेगळं. परीक्षेत यावर दहा गुणांचं उत्तर मी छान लिहिलं. नंतर आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या काळात, एका मुलाने विचारलं, "मॅडम, ऋण गुणिले ऋण, धन का येतं?"

मी म्हणाले, "तो नियम आहे."

तो खाली बसला. वाद नाही, काही नाही. तो इतका निमूट बसला की मला रात्रभर ते दिसत राहिलं. आपल्याला कारण ठाऊक नसलं की आपण 'नियम' म्हणतो, आणि मुलांना हे फार लवकर कळतं. ऋण गुणिले ऋण मी पंधरा-वीस वर्षं बिनचूक करत आले होते. का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं.

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

मग म्हणाले, "काल मी नियम म्हणाले, कारण मला कारण येत नव्हतं." वर्गात चुळबूळ झाली, पहिल्या बाकावरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. हसू दिलं. "डावीकडची संख्या दरवेळी एकने कमी होतेय. उत्तराचं काय होतंय?" दोनने वाढतंय, असं चार-पाच जणांनी सांगितलं. मी पुढच्या ओळीत (−१) × (−२) लिहून बरोबरचं चिन्ह काढलं आणि खडू खाली ठेवला. २ हे उत्तर मला सांगावं लागलं नाही.

तो मुलगा मात्र फळ्याकडे बघतच होता. म्हणाला, "पण हे सगळ्या संख्यांना चालतं, की फक्त दोनला?"

प्रश्न माझ्या तयारीच्या पुढचा होता. आकृतिबंध दिसला म्हणजे सिद्धता झाली असं नाही, हे मला माहीत होतं, पण या वयाच्या मुलांना ते कसं सांगायचं हे सुचत नव्हतं. पाठीमागे हात बांधले. एक. दोन. तीन.

चौथ्या बोटावर खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं, "पाचला करून बघू ना."