लॅपटॉपचा आवाज नको, साहेब!

म्युझिक प्रॉडक्शनसाठी लॅपटॉप हवाय असं नुसतं म्हणून बघा, समोरचा लगेच "म्हणजे साऊंड चांगला पाहिजे" म्हणत स्पीकर फुल करून एखादं ढिंगच्यॅक गाणं लावणार. अरे बाबा, त्या स्पीकरशी मला काय देणंघेणं, मी ऐकणार हेडफोनवर, मला तर लॅपटॉपचा आवाजच नकोय! डोंबिवलीत बेडरूममध्ये बारीकसारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक लावला की शेजारच्या कुकरची शिट्टी, भंगारवाला, वरच्यांचं मिक्सर सगळं फुकटात रेकॉर्ड होतं, त्यात आता लॅपटॉपच्या पंख्याची घरघर कशाला?

लॅमिंग्टन रोडला दुकानदाराला म्हटलं, पंखा ऐकायचाय. तो म्हणाला, "साहेब, एसी चालूय की." आणि गेमिंगवाला लॅपटॉप काढून पुढ्यात ठेवला. कीबोर्डखाली गणपतीच्या मंडपासारखी लायटिंग आणि ग्राफिक कार्डाचं अखंड कौतुक. आता ग्राफिक कार्डाचा माझ्या ढोलकीला काय उपयोग, इकडे सगळी ओढाताण प्रोसेसर आणि रॅमची, सॅम्पलवाली, म्हणजे खरी वाजवून रेकॉर्ड केलेली, व्हायोलिनं लोड केली की 8 जीबी कुठे गेलं कळत नाही, 16 तरी पाहिजेच. "नंतर वाढवू की!" म्हणे. बॉस, ह्या सडपातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर करून येते, वाढवायची कुठून! मग मी जाळीला कान लावून बसलो तर बाजूचं गिऱ्हाईक हळूच लांब सरकलं.

मॅकवाल्या मित्राचं एकच पालुपद, "लॉजिक घे, लॉजिक." म्हणजे मॅकवरचं गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. ते पूर्वी विंडोजवर पण चालायचं हो, 2002 मध्ये ॲपलने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना टाटा केला. त्यापेक्षा तसलंच दुसरं सॉफ्टवेअर विकणारे एफएल स्टुडिओवाले बरे, एकदा पैसे घेतले की पुढचे अपडेट कायम फुकट.

पण खरी डोकेदुखी लेटन्सी, म्हणजे माइकमध्ये गायलेलं हेडफोनवर ऐकू यायला लागणारा उशीर. 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने) बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी उचलतो तो तुकडा, 128 नमुन्यांचा ठेवला तर साधारण 3 मिलिसेकंद, पण लॅपटॉप दमला की कडकड सुरू होते, मग वाढवत वाढवत 1024 वर गेलात की 23, त्यात जाताना-येतानाचे धरले तर दुप्पट, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि तो बिचारा तालातून सुटतो. हे बाबांना समजावलं तर म्हणाले, "आपली फास्ट लोकल वीस मिनिटं लेट येते तेव्हा कोणी ब्र काढत नाही, आणि तू मिलिसेकंदासाठी भांडतोस?"

कडकडीचा गुन्हेगार बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर निघतो, म्हणून ते तपासणारं लेटन्सीमॉन सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊनच गेलो होतो. दुकानदार पेनड्राइव्हकडे असा बघत होता की जणू मी दुकानच फॉरमॅट करणारे. "व्हायरसबियरस नाही ना, साहेब?" लाल पट्ट्या दिसल्या की पुढचा लॅपटॉप, परत लाल, परत पुढचा, शेवटी त्याने वैतागून माळ्यावरून एक जाडजूड काळा ऑफिसवाला काढला, दाखवायची त्यालाच लाज वाटत होती. पट्ट्या हिरव्या! रॅमला मोकळा स्लॉट, भरपूर यूएसबी, पंखा गपगार.

घेतला. सगळं बजेट त्यातच संपलं म्हणून सध्या रीपर हे स्वस्तातलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, 60 दिवस ट्रायल आणि मग 60 डॉलर. आई रोज विचारते, गाणं कधी ऐकवतोस? म्हटलं थांब, आधी हा विंडोजचा अपडेट होऊ दे.