पावसाच्या रेषा आणि बाळ्याचा तक्ता

कट्ट्यावर टेकायच्या आधीच बाळ्यानं फोन सगळ्यांच्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर एक तक्ता होता. चित्र, गाणं, पुस्तक असे तीन रकाने आणि खाली तीस दिवस. रोज एक चित्र बघायचं, एक राग ऐकायचा, दहा पानं वाचायची आणि हिरवी खूण करायची. महिनाभरात डोकं कसं सुपीक होतं बघा, असं त्याचं म्हणणं. पहिल्या आठ दिवसांवर खुणा होत्या. नवव्यापासून सगळं कोरं.

"नवव्या दिवशी काय झालं?" नानांनी विचारलं. नानांचं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब जुळवण्यात गेलंय. कोरा रकाना दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नाही.

"काहीच झालं नाही नाना, तेच तर! आठ चित्रं बघितली, आठ राग ऐकले, आणि कल्पना एक सुचेल तर शपथ."

"म्हणजे ठेव ठेवली आणि आठव्या दिवशी व्याज मागायला गेलास," शुभा म्हणाली, पुस्तकातून मान वर न काढता.

मास्तरांना एवढं निमित्त पुरे होतं. "अरे, ही काय गोळी आहे का, सकाळी एक संध्याकाळी एक? गाणं ऐकायचं ते गाण्यासाठी. त्यातून मला काय सुचेल हा विचार डोक्यात घेऊन बसलास की तू गाणं ऐकतच नाहीस. दारात उभा राहून पाकिटाची वाट बघतोयस."

आता सगळे मिळून बाळ्याला धुणार असं मला वाटलं, पण पेंटर आडवा आला. पेंटर म्हणजे आमच्यातला एकमेव माणूस जो खरंच हातानं काहीतरी करतो. पाट्या रंगवतो. छापील फलकांच्या जमान्यातही ब्रश सोडलेला नाही.

"तक्त्यात वाईट काय आहे?" तो म्हणाला. "मास्तर, तुम्ही पहाटे तंबोरा घेऊन बसता ते घड्याळ बघूनच ना? तुमचा तो रियाज आणि ह्याचं ते खूळ होय?"

"रियाज करणाऱ्याचा असतो. ऐकणाऱ्याला कसला आलाय रियाज?"

"ऐकणाऱ्यालाच जास्त लागतो," पेंटर म्हणाला. "नुसतं समोरून गेलं म्हणजे बघितलं का?"

इथं नानांनी खिशातून कागद काढावा तशी एक गोष्ट काढली. आकडा असला की नाना विसरत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कोण कोणत्या चित्रासमोर किती वेळ थांबतं हे घड्याळ लावून मोजलं होतं. अभ्यास छापला गेला २००१ मध्ये. सरासरी निघाली २७ सेकंदांची, पण ती थोड्या चिकट लोकांनी वर ओढलेली. निम्म्या वेळा लोक १७ सेकंदसुद्धा थांबले नव्हते. "आणि त्यात भिंतीवरची पाटी वाचायचा वेळही धरलाय," नाना म्हणाले. पुढं २०१७ मध्ये दुसऱ्या संग्रहालयात पुन्हा मोजलं तर वेळ साधारण तेवढाच, फक्त आता काही जण चित्राकडं पाठ करून सेल्फी काढत होते.

"तू किती वेळ बघायचास?" पेंटरनं बाळ्याला विचारलं.

बाळ्यानं उत्तर दिलं नाही, म्हणजे सतरापेक्षा कमीच.

मग पेंटरनं स्वतःच्या फोनवर एक चित्र उघडलं आणि फोन कट्ट्याच्या मधोमध ठेवला. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं, १८५७ सालचं, लाकडी ठशांवरून छापलेलं. नदीवर लाकडी पूल, अचानक कोसळलेला पाऊस. "पाच मिनिटं. कुणी बोलायचं नाही."

पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय, हे आमच्या कट्ट्यावर बसल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या मिनिटात मी पूल, पाऊस, माणसं असं सगळं बघून संपवलं आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं या विचारात पडलो. दुसऱ्या मिनिटाला खाली नदीत एक माणूस दिसला. ओंडक्यांचा तराफा एकटाच बांबूनं ढकलत चाललाय. पुलावरचे लोक छत्रीखाली, टोपीखाली पाठ वाकवून पळतायत, आणि ह्याला पळायला जागाच नाही. त्यानंतर वरच्या काळ्या पट्ट्याकडं लक्ष गेलं. ढग काढलेलाच नाही, नुसता काळा रंग वरून खाली विरत आलाय.

"पाऊस दोन दिशांनी पडतोय," बाळ्या एकदम म्हणाला. नियम मोडला, पण कुणी ओरडलं नाही. सगळे वाकले. खरंच, बारीक रेषा सगळ्या समांतर नव्हत्या. एक जाळं एका कलानं, दुसरं किंचित वेगळ्या. त्यामुळंच तो पाऊस हलत होता. मी हे चित्र याआधी दहा वेळा तरी बघितलं असेल. मला पाऊस दिसला होता, रेषा दिसल्या नव्हत्या.

"आता पुढचं ऐक," पेंटर म्हणाला. "हे चित्र तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, व्हॅन गॉगनं तैलरंगात उतरवून काढलं. जपानी चित्रं तो जमवायचाच. पण नुसतं जमवून भागलं नाही त्याचं. नक्कल केली. बरं, नक्कल तरी सरळ करावी? रंग भडक केले, आणि चारी बाजूंना चौकट काढून तिच्यात दुसऱ्या जपानी चित्रांतली अक्षरं भरली. त्याला ती वाचता कुठं येत होती! आकार म्हणून काढली. मी पाटी रंगवताना नाही का परक्या लिपीतली अक्षरं काढत? तशीच."

"म्हणजे प्रेरणा म्हणजे उचलेगिरी," बाळ्याला जोर चढला.

"उचल की! पण हातानं उचल. आयुष्याच्या शेवटी शेवटी, रुग्णालयात असताना, तो मिले या फ्रेंच चित्रकाराची चित्रं उतरवून काढत होता. समोर छापील काळेपांढरे नमुने, रंग ह्याच्या मनचे. भावाला लिहिलंय त्यानं, की बेथोव्हेन वाजवणारा त्यात आपलं काही घालतोच, तसंच माझं हे."

मास्तर इतका वेळ गप्प होते हेच विशेष. "म्हणजे बंदिश त्यांची, गायकी आपली," ते म्हणाले. "हे आम्हाला सांगतोस? आमच्याकडं तर नक्कल हेच पहिलं शिक्षण." पण मूळ मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. "तरी सांगतो, तो माणूस ती चित्रं जमवायचा ती आवड म्हणून. यातून मला काय मिळेल असा तक्ता मांडून नव्हे."

मग त्यांनी विष्णुधर्मोत्तर पुराणातली गोष्ट काढली. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना म्हणतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी म्हणतात, त्याला आधी चित्रकला यायला हवी. मग चित्र शिकवा. त्याला नृत्य यायला हवं. बरं, नृत्य शिकवा. त्याला वाद्यं कळायला हवीत. आणि वाद्यांना? गाणं.

"सरकारी कचेरीच झाली की! या खिडकीवरून त्या खिडकीवर," बाळ्या म्हणाला.

शुभा हसली आणि तिनं पुस्तक मिटलं. शुभानं पुस्तक मिटलं की चर्चा लांबणार हे ठरलेलं.

"मास्तर, तुमची गोष्ट सुंदर आहे, पण ती कलावंत व्हायला निघालेल्यांची," ती म्हणाली. "आम्ही बाकीचे? मला मूर्ती घडवायची नाही, गायचं नाही. मी वाचते. मागं मैत्रिणीचे वडील गेले, तिला चार ओळी लिहायच्या होत्या. दोन पानं लिहिली. सगळी खोटी वाटायला लागली. त्या दिवसांत व्हर्जिनिया वुल्फची १९२७ सालची 'टू द लाइटहाउस' ही कादंबरी वाचत होते. ज्या बाईभोवती अर्धं पुस्तक फिरतं, तिचा मृत्यू लेखिकेनं चौकटी कंसात टाकलाय, एका वाक्यात. ती गेली एवढंच, आणि नवऱ्याचे हात पुढं आलेले, रिकामे. मी तिथं अडखळले होते, वैतागलेही होते. पण त्या रात्री मी दोन पानं फाडली. तिचे वडील आम्हाला सोडायला नेहमी फाटकापर्यंत यायचे, तेवढं एकच वाक्य लिहून पाठवलं."

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. पेंटरनं ब्रश पुसायच्या फडक्याची घडी केली, परत मोडली.

"आता याला प्रेरणा म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा," शुभा म्हणाली. "पण 'मजकूर कसा लिहावा' हे शिकायला मी ती कादंबरी उघडली असती तर पाचव्या पानावर मिटली असती. त्यात घडत काहीच नाही म्हणून."

माझ्या मते त्या संध्याकाळी मास्तरांची बाजू मास्तरांपेक्षा शुभानंच नीट मांडली. मास्तरांचं एक आहे, ते तत्त्वावर गेले की उदाहरण विसरतात.

मीही एक खडा टाकून बघितला. म्हटलं, मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते म्हणतात ना? नाना खवळलेच. "कोण म्हणतं? १९९३ चा प्रयोग तो. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला. ३६ विद्यार्थी. दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, आणि आकारांची कोडी सोडवण्यात थोडी वाढ दिसली, तीही दहा-पंधरा मिनिटं टिकणारी. विद्यार्थी, लहान मुलं नव्हेत! त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला. ३६ नोंदींवर कुणी ताळेबंद काढतं का?"

"म्हणजे गाण्याचा उपयोग नाही असं तुम्ही म्हणता?" बाळ्या.

"उपयोग नाही असं कुठं म्हटलं?" नाना जरा घुटमळले. नाना स्वतःबद्दल सहसा बोलत नाहीत. "मी काम करताना फोनवर तंबोरा लावून ठेवतो. नुसता तंबोरा, गाणं नाही. गाण्यात लक्ष जातं आणि बेरीज चुकते. पाच-सहा महिने झाले असतील. एके दिवशी तंबोऱ्यात गंधार, म्हणजे सारेगमातला 'ग', ऐकू यायला लागला. मला वाटलं दुसरं काहीतरी चालू राहिलंय. फोन तपासला. बंद करून परत लावला. तरी आहेच."

मास्तर इतके खूश झालेले मी क्वचित बघितलेत. "खर्जातून येतो तो! तारा चारच. पंचम, दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. गंधाराची तार नाहीच. जवारी, म्हणजे घोडीवर तारांखाली सरकवलेला दोरा, नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेच्या पोटातून तो आपोआप निघतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. काहींना वर्ष वर्ष ऐकू येत नाही."

"मग पहिल्या दिवसापासून तो होताच?"

"होताच. तुमचा कान नव्हता."

"बघा," मास्तर लगेच बाळ्याकडं वळले, "नानांनी गंधार मागितला होता का?"

"मागितला नव्हता," पेंटर म्हणाला, "पण पाच-सहा महिने रोज लावला होता. तुम्ही सोयीचं तेवढंच घेता मास्तर."

झालं. पुन्हा तिथंच. मास्तर म्हणतात अपेक्षा ठेवू नका, पेंटर म्हणतो रोज बसा, आणि दोघांनाही दुसरा आपलं म्हणणं खोडतोय असं वाटतं. मला तर दोघं एकाच घराच्या दोन दारांत उभं राहून भांडतायत असं वाटत होतं, पण तसं म्हटलं असतं तर दोघांनी मिळून माझ्यावर मोर्चा वळवला असता.

जाता जाता शुभानं आणखी एक गोष्ट सांगितली. मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराचा एक मित्र होता, हार्टमान, वास्तुकार आणि चित्रकार. चाळिशीही न गाठता १८७३ मध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मुसोर्गस्की ते बघून आला आणि एकेका चित्रावर पियानोसाठी एकेक तुकडा लिहिला. आज त्यातली बहुतेक चित्रं हरवलीत, स्वर राहिलेत. "पण मला आवडतं ते वेगळंच," ती म्हणाली. "चित्रांच्या मध्ये मध्ये तो स्वतःचं चालणंही लिहितो. या चित्राकडून त्या चित्राकडं जाताना पडलेली पावलं. सुरुवातीलाच ती येतात, पाच मात्रा, मग सहा, मग पाच, मग सहा."

मास्तरांनी लगेच कट्ट्याच्या दगडावर पाच-सहा, पाच-सहा मोजून बघितलं. पाचाला अडखळायला होत होतं. मन दुसरीकडं असलेला माणूस चालतो ना, तसं.

"बाळ्या, तुझ्या तक्त्यात चालायचा रकाना कुठंय?" शुभानं विचारलं.

बाळ्यानं तक्ता बंद केला. रागावला होता थोडा. पेंटरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हे बघ, मी तुला शहाणपण शिकवत नाही. एक काम कर. त्या चित्रातला पूल नको, माणसं नकोत. नुसता पाऊस काढून आण. फक्त रेषा."

"रेषा काय, पाच मिनिटांत काढीन."

चार दिवस तो फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला तो गुंडाळी केलेला कागद घेऊन. बाळ्यानं तो तक्ता छापून भिंतीवर लावला होता, हे तेव्हा कळलं, कारण कागदाच्या पाठीमागून हिरव्या खुणा उमटलेल्या दिसत होत्या. कोऱ्या बाजूला पेन्सिलच्या रेषा, दोनेकशे तरी. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या जाड, ताठ, पट्टीनं आखल्यासारख्या. नंतर पट्टी सोडलेली. मग खूप खोडाखोड, कागद घासून पातळ झालेला. आणि खाली उजवीकडं वीतभर जागेत त्या अचानक सैल झालेल्या, एकीचा कल दुसरीपेक्षा जरा निराळा.

पेंटरनं कागद उजेडाकडं धरला, लांब नेला, जवळ आणला. खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून तो बराच वेळ थांबला.

"तराफेवाला काढला नाहीस?" नानांनी विचारलं.

"तो उद्या," बाळ्या म्हणाला. "आज तो भिजतोय एवढंच जमलंय."