शिक्षकाच्या पगारावर हसणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना

आज 5 सप्टेंबर. सकाळपासून आपल्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षक दिनाच्या शुभेच्छांची रीघ लागली होती, आणि तिच्याच मागोमाग एकाने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवरचा तो शिळा विनोद टाकला: अकराला यायचे, खिचडी खायची, पाचला जायचे आणि एक तारखेला गलेलठ्ठ पगार मोजायचा. त्यावर जे खिदळले, त्यांनीच गेल्या आषाढात याच ग्रुपवर ओळीने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले होते. ज्याला ती वाहिली, तो आपला मित्र जिल्हा परिषदेचाच शिक्षक होता, एवढे तरी लक्षात ठेवायचे होते.

त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला ते खपले नसते. बीड जिल्ह्यातल्या आपल्या त्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे पडत, पण तो मात्र वर्गात असे. त्याचे आईवडील मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जात आणि उन्हाच्या झळा लागू लागल्यावर परत येत. तो आजीपाशी राहिला, म्हणून शिकला. डी.एड. करून 2006 साली तो शिक्षणसेवक म्हणून लागला, तेव्हा मानधन महिना 3,000 रुपये होते आणि तेवढ्यावर तीन वर्षे काढायची होती. 1 नोव्हेंबर 2005 नंतरची नेमणूक, म्हणून जुनी पेन्शनही नाही. गलेलठ्ठ पगारावर हसण्यापूर्वी हा हिशेब जरा मांडून पाहा.

एकदा मी त्याच्याबरोबर कराडच्या पुढे एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या, चुलींचा धूर, आणि त्यात हा वही उघडून आपल्या शाळेतली पोरे शोधत फिरत होता. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याला गेले, मुकादम कोण, त्याचा फोन कोणता, बरोबर कोणती मुले गेली, हे सारे त्या वहीत असे. चौथीतली एक मुलगी सापडली, ती तान्ह्या भावाला कडेवर घेऊन भांडी घासत होती. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईला घरी बसून चालत नाही. ती म्हणाली, “सर, हिला शाळेत धाडली तर ह्या लेकराला कोन सांभाळील?” मी तिथे शिक्षणाचे महत्त्व वगैरे सुरू करणार होतो, पण त्याने मला डोळ्यांनीच गप्प केले आणि मुलीला सतराचा पाढा म्हणायला सांगितला. तिने भावाला थोपटत थोपटत तो न अडखळता म्हटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून त्याची शाळा देते तो कागद, घेऊन आम्ही जवळच्या गावातल्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापकांना मुलीला बसवून घ्यायला हरकत नव्हती, बाळाला होती. हा शांतपणे म्हणाला, “गुरुजी, बाळाची हजेरी मांडू नका, फक्त बसू द्या.” मग ती दोघेही त्या वर्गात बसू लागली.

आता तुम्ही म्हणाल की सगळेच शिक्षक असे नसतात. नसतात. वर्गापेक्षा प्लॉटिंगच्या व्यवहारात रमणारे, तालुक्याला राहून मुख्यालयाचा घरभाडे भत्ता घेणारे मीही पाहिले आहेत. पण त्यांच्यामुळे याच्यावर हसायचा परवाना तुम्हाला मिळत नाही. आणि ज्या खिचडीचा तुम्हाला इतका पुळका आला आहे, तिचा तांदूळ मोजून त्याची ऑनलाइन नोंद करण्यात, मतदार याद्यांसाठी दारोदार फिरण्यात आणि वर रोज नव्याने मागितलेली माहिती भरून देण्यात त्याचा किती वेळ जाई, हे कधी विचारले होते का? जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अन्य कामाला लावू नये, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. लिहिले आहे खरे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, तेही सांगतो, नाहीतर ही गोष्ट फारच गोड होईल. आठवीनंतर तिचे लग्न लावून दिले. जोडी झाली की आणखी एक कोयता होतो आणि उचलही मिळते, हा तिथला हिशेब आहे. ते कळल्यावर तो बरेच दिवस माझा फोन घेत नव्हता. नंतर एकदा म्हणाला की त्या मुलीची आजी गावातच होती, तिला आपण आधी भेटायला हवे होते. पोर गावात ठेवायचे असेल तर आईबापांना नव्हे, आजीला पटवावे लागते. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी वस्तीवरच्या एकेका म्हातारीच्या ओट्यावर बसून चहा पिण्याचा त्याचा क्रमच झाला. आईबाप तोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलांसाठी गावात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाचे पैसे वेळेवर आले नाहीत, तर संध्याकाळच्या जेवणाचा किराणा स्वतःच्या नावावर उधार आणत असे. किराणावाल्याची ती उधारी त्याच्या तेराव्यानंतर वहिनींनी फेडली. हेही ग्रुपवर कोणाला ठाऊक नसेल.

सकाळी लिहायला बसलो तेव्हा ग्रुप सोडायचाच, असे ठरवले होते. आता तेवढा राग उरलेला नाही. विनोद टाकणारा मित्रही त्याच्या मातीला रात्रभर गाडी चालवून आला होता, हे मला नाकारता येत नाही. तो विनोद मात्र त्याने काढून टाकावा.

त्याच्या जागी अजून कोणी रुजू झालेले नाही. शाळेत एकट्या बाई उरल्या आहेत आणि दोन्ही वर्ग त्याच सांभाळतात. दसरा तोंडावर आला आहे, मुकादमांच्या फेऱ्या सुरू झाल्या असतील. ती वही वहिनींनी बाईंकडे दिली आहे. येत्या शनिवारी मी वस्तीवर जाणार आहे. बाई घरे दाखवतील, आज्यांशी बोलायचे काम आपण करू. माझ्या गाडीत अजून तीन जागा आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी मला थेट फोन करावा, ग्रुपवर अंगठा दाखवू नये.